डावखुरी शिवण

३ फेब्रुवारी १९४१, सोमवार. धुळे

ही वही पंडितची. टांग्यांची मापं लिहायला आणली होती त्यानं. चार पानं लिहिली आणि तापानं गेला. बाकीची दीड वर्ष कोरीच पडून होती. आज ती काढली, कारण अंगणात जे येऊन उभं आहे ते टांग्याच्या मापात बसणारं नाही, आणि मापं लिहून ठेवायला मुलगा नाही.

मोटार आहे. धरणगावचे कापसाच्या जिनवाले छगनशेठ यांची. लगोंडा असं तिचं विलायती नाव. रंग गडद हिरवा, गाद्या चामड्याच्या, लांबी आमच्या ओट्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत. वर पक्कं छत नाही. टांग्यासारखा टप आहे, हवा तेव्हा मागे घडी घालून ठेवायचा. त्या टपाच्या चिंध्या झाल्या आहेत. शेठ तोरणमाळला गेले होते, तिथं वानरांनी एका दुपारीत तो सोलून काढला.

लढाईमुळे विलायतेचं कापड बंद आहे. शेठनी मुंबईहून जाड कापडाचे दोन तागे खटपटीनं मिळवले. म्हणाले, "एवढंच आहे, अभिमन आबा. बिघडलं तर तिसरा तागा नाही." आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत टप पाहिजे. त्यांची मुलगी लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला माहेरी येणार आहे. जळगाव स्टेशनवरून तिला याच गाडीतून, टपाच्या सावलीत, घरी न्यायचं शेठ कबूल करून बसले आहेत.

मी हो म्हटलं. चाळीस वर्षं खोगिरं केली, टांग्यांचे टप शिवले. मोटारींनी आमचे टांगे खाल्ले, आणि आता मोटारच टप शिवून घ्यायला दारात आली, याचं मला बरं वाटलं. धुरपदा मात्र म्हणाली, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." आमची ही काहीही बोलते.

७ फेब्रुवारी

जुना टप उसवतो आहे. चांगल्या कारागिराचं काम उसवताना त्याच्याशी बोलल्यासारखं होतं. ज्या कोणी हा शिवला तो उस्ताद आहे. इंचाला अकरा टाके, आणि सगळे एका मापाचे. आमच्याकडे आठ म्हणजे खूप झाले. एक गोष्ट विचित्र आहे, टाके डावीकडे कलतात. माणूस डावखुरा असावा. मी त्याला गोरा उस्ताद म्हणतो.

सूनबाई, भिकू, कापड धरायला बसते. टाके मोजायला तिची नजर बरी आहे. शिवायला मात्र बसवत नाही. चामडं टोचायच्या आरीला बाईचा हात लागला की खोगीर घोड्याच्या पाठीवर फिरतं, अशी आमच्या घरची समजूत आहे. माझ्या वडिलांनी, झुलाल जीनगरांनी, हा नियम पाळला, मीही पाळतो.

तिची एक खोड आहे, भाकरी डाव्या हातानं थापते. धुरपदा सात वर्षं ओरडते आहे, फरक नाही.

११ फेब्रुवारी

गाडीबरोबर तिचा ड्रायव्हर करमसिंग आला आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा. गाडीपासून हलत नाही, जेवणसुद्धा तिच्या सावलीत. आज त्यानं तिची सगळी कथा सांगितली.

ही अडतीस साली बोटीतून आली, एका लहानशा संस्थानच्या राजासाठी. असल्या गाड्या विलायतेतसुद्धा मोजक्याच झाल्या म्हणे, आणि लढाई लागल्यावर होणं बंदच झालं. राजानं वर्षभर फिरवली. मग जळगावच्या एका कापूस खरेदी करणाऱ्या साहेबानं घेतली. साहेब लढाईवर गेला, ती शेठकडे आली. तिन्ही वेळा करमसिंग गाडीबरोबरच.

"तुला कुणी विचारलं नाही, जातोस का म्हणून?" मी म्हटलं.

"आबा, गाडी देतात तेव्हा चावी देतात. चावीबरोबर मी." आणि हसला. मला काही हसू आलं नाही.

१४ फेब्रुवारी

टपाला आतून लाकडाच्या कमानी आहेत. पुढच्या कमानीवरचं कापड काढलं तर खाली पेन्सिलीनं विलायती अक्षरं. ज्यानं शिवलं त्यानं आपलं नाव घातलं असणार. कापडाखाली, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी! हे मला फार आवडलं. टप झाला की मीही माझं नाव तिथंच लिहीन, मोडीत. कागदावर अक्षरं गिरवून घेतली आहेत. देवपूरचे मास्तर भेटले की वाचून घेतो.

१ मार्च

पहिला तागा कापला. शिवायला घेतला.

सुया चांगल्या येत नाहीत. लढाईपासून सुयांची नाकंसुद्धा बारीक केली आहेत. दोरा ओवायला भिकूला हाक मारावी लागते. शाईही पातळ येते, म्हणून मी अक्षर मोठं काढतो.

९ मार्च

टप उभा राहिला. आमच्या पद्धतीप्रमाणे जवसाचं तेल आणि मेण तापवून वरून दोन हात दिले. टांग्याच्या टपाला हेच करतात, पाणी मुरत नाही. करमसिंग विचारत होता, "आबा, याला तेल लागतं का?" मी म्हटलं, तू गाडी हाक. वाळल्यावर टप घडी घालून मागे ठेवला.

१३ मार्च, होळी

लिहायची लाज वाटते आहे, पण लिहितो.

चार दिवस उन्हात घडी होता. आज उघडायला गेलो तर उघडेना. ओढला तर कापडाचे पदर एकमेकांना चिकटलेले, आणि वास रबराचा. त्या कापडाच्या दोन पदरांत रबराचा पातळ थर होता. तो माझ्या तेलानं विरघळला. कापडाला तेल लागतच नव्हतं. टांग्याचा टप उन्हाळाभर कोणी घडी घालत नाही, म्हणून असलं काही मला कधी दिसलंच नव्हतं. चाळीस वर्षांचा जाणतेपणा मी स्वतःच कापडाला फासला.

आता एकच तागा आहे. पाणी अडवायचं काम रबर करणार, म्हणजे भोक पडेल ते फक्त शिवणीत. शिवण बारीक आणि घट्ट हवी, गोऱ्या उस्तादासारखी.

मी म्हटलं, उजेड नीट नव्हता, म्हणून कापडातलं रबर दिसलं नाही. धुरपदा म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मग पुरणाची पोळी वाढली. जेवलो नाही. भिकू ताट झाकून ठेवून गेली.

१८ मार्च

पिंपळनेरहून भिकूचा भाऊ उखर्डू येऊन गेला. सरळ माणूस. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "आबा, आखाजीले बहीणले लेवाले येसू. पण मंग परत धाडाव नही. पिंपळनेरमा एक जागा दखी ठेयेल शे. पाट लावी देसूत."

तिचं दुसरं लग्न लावायचं म्हणतो. पोरगी चोवीसची आहे. पंडित नाही, पोर नाही. म्हाताऱ्या-म्हातारीच्या घरात तिचं काय आहे? मी म्हटलं, तिच्या भल्याचं असेल तर माझी ना नाही.

भिकू दारामागे होती. ऐकून आत वळली. लेक माहेरी जायला नाखूश कशाला असेल?

२२ मार्च

दुसरा तागा कापला. कापताना कात्री रेषेवरून सरकू लागली. भिकूनं कापड घट्ट धरलं होतं, म्हणून निभावलं.

नवा नियम केला आहे. सकाळी शिवतो, जेवून घटकाभर पडतो, उन्हं कलली की पुन्हा बसतो. नियम खरं म्हणजे धुरपदाचा. मी उठू लागलो की म्हणते, "पडा हो अजून जरा, टप काही पळून जात नाही." एवढी माया तिनं लग्नाच्या वर्षीही केली नव्हती.

२८ मार्च

नव्या कापडाचा एक गुण कळला. शिवण सकाळी घातली की जरा वाकडी दिसते. दुपारच्या विश्रांतीनंतर पाहावं तर सरळ बसलेली असते. उन्हानं कापड तापून टाके आपोआप जागेवर येत असावेत. करमसिंगला समजावून सांगितलं. तो गाडीचा दिवा पुसत होता. म्हणाला, "कापड समजदार शे, आबा."

४ एप्रिल

भिकूच्या बोटाला फोड आला आहे. जात्याचा खुंटा लागत असेल. धुरपदाला म्हटलं, तिला दळायला कमी लाव. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

आज तिला रागावलो. मी उठलो होतो, परत आलो तर आरी कापडात टोचलेली. मी सांगितलं, माझे वडील म्हणायचे, आरी कामात टोचून उठलास तर पाणी पिऊन परत ये. आणि परत यायचं नसेल तर काढून ठेव. अर्ध्या कामात आरी सोडून गेलं की काम रुसतं. तिनं खाली मान घालून ऐकलं. मी टोचून ठेवली होती की काय, ते मला नीटसं आठवत नाही. पण सांगितलेलं वाया जात नाही.

१० एप्रिल

मास्तर भेटले. कागद पाहिला. म्हणाले, "एडिथ. खाली सन अडतीस."

"उस्तादाचं नाव का?"

"आबा, हे बाईचं नाव आहे."

मी म्हटलं, मास्तर, नीट बघा. त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा बघितलं. बाईचंच. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिकडं कारखान्यात बायका शिवतात. देवपूरहून परत येताना पांझरेच्या पुलावर थांबलो. दोन महिने मी ज्याच्याशी मनात बोलत होतो, ज्याच्या हाताला हात लावून शिकत होतो, तो माणूस नव्हताच. राग आला. कुणाचा ते कळेना.

घरी कुणाला सांगितलं नाही.

१९ एप्रिल

टप पुरा झाला. फक्त पुढच्या कमानीवरचं अस्तर बंद करायचं राहिलं होतं. म्हणून आज माझं नाव लिहायला पेन्सिल घेऊन बसलो. धुरपदा मंदिरात, भिकू पाण्याला गेली होती.

अस्तर उचललं. नीट दिसेना, म्हणून अंगठ्यानं जागा चाचपली. अंगठ्याला गाठी लागल्या. बारीक दोऱ्याच्या पाच गाठी, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक. मी पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. असे पाच ठिपके मी रोज पाहतो. भाकरी वाढताना भिकूच्या मनगटावर असतात, गोंदलेले.

मग मी डोळे मिटले आणि सगळ्या शिवणींवरून अंगठा फिरवला, पुढून मागेपर्यंत. डोळे फसवतात, अंगठा फसवत नाही. चाळीस वर्षांचा आहे. इंचाला अकरा. सगळे डावीकडे कललेले. माझा एक टाका त्या टपात नाही. मी सकाळी घातलेला प्रत्येक टाका उसवून तिनं पुन्हा घातला आहे. मी झोपलो असताना.

कापड समजदार! मी गाढव.

नाक सुईचं बारीक झालं नव्हतं. शाई पातळ नव्हती. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. पंडित गेला आणि मागोमाग डोळे चालले, तर मग मी कोण, या प्रश्नाजवळ मला जायचंच नव्हतं. आज पोचलो. रडलोही, गाडीच्या आत बसून, चामड्याच्या गादीवर. करमसिंग बाहेर पाठ करून उभा राहिला.

भिकू हंडा घेऊन आली. मी अस्तर हातात धरून उभा. तिनं पाहिलं आणि हंडा खाली ठेवला.

"मी चोरी करी, आबा," ती म्हणाली. "तुमना टाका उसवात. माले माफ करा."

मी विचारलं, "कुणाकडून शिकलीस?"

तिनं जुन्या टपाच्या चिंधीकडे बोट दाखवलं. "तिन्हाकडतीन. जशी उसवनू, तशी शिकनू."

तिन्हाकडतीन. म्हणजे तिच्याकडून. ती बाई आहे, हे भिकूला मास्तरांच्या आधी कळलं होतं. कसं, ते मी विचारलं नाही.

पेन्सिल मी खिशात ठेवली. "अस्तर बंद कर," म्हटलं. "माझ्यासमोर."

तिनं केलं. डाव्या हातानं. मी दोरा धरून बसलो.

२० एप्रिल

तरी मन स्वस्थ नाही. घरात कबूल करणं वेगळं. शेठ येतील तेव्हा काय सांगायचं? अभिमन जीनगर एवढं एकच नाव माझ्याकडे आहे. आंधळ्या कारागिराकडे आणि बाईच्या हातच्या खोगिराकडे धुळ्यात कोण येईल? आणि न सांगावं तर ती आखाजीला निघून जाईल, माझं नाव राहील, आणि पुढचं खोगीर आलं की ते नावही जाईल. यात मी माझाच विचार करतो आहे हे मला दिसतं आहे. तेवढं दिसतं अजून.

२५ एप्रिल

सगळं एकाच दिवशी आलं. सकाळी उखर्डू बैलगाडी घेऊन आला, दुपारी शेठ आले.

शेठनी परीक्षा घ्यायची ठरवली. करमसिंग टप लावून आत बसला. भिस्त्याला बोलावलं होतं. त्यानं चामड्याच्या पखालीतलं पाणी वरून सोडलं, अख्खी पखाल, मुख्यतः शिवणींवर. गल्ली जमली होती. पाणी खाली वाहून थांबलं तेव्हा करमसिंगनं दार उघडलं, डोक्यावरचा फेटा काढून उलटा धरला, झटकला. थेंब नाही. मग टप मागे घेतला. अलगद गेला, पदर पदरावर बसला, पुन्हा उघडला, कुठं चिकटला नाही.

शेठनी शिवणीवरून बोट फिरवलं. म्हणाले, "आबा, हात अजून तसाच आहे तुमचा!"

उखर्डू ओट्यावर बसला होता. भिकूचं गाठोडं त्याच्या पायाशी. धुरपदा दारात. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला सगळे धुरकट दिसत होते. ते एका अर्थी बरंच झालं.

"शेठ, हा माझा हात नाही," मी म्हटलं. "मी पहिला तागा वाया घालवला, दुसरा कापला. शिवण माझ्या सुनेची आहे. सगळी. माझे डोळे गेलेत."

शेठनी बोट शिवणीवरून उचललं, आणि मला वाटलं, संपलं. मग त्यांनी ते पुन्हा तिथंच ठेवलं.

"हाई बठ्ठं हिनी करं?" उखर्डूनं विचारलं. त्याचा विश्वास बसत नव्हता.

"हो. आणि तू माझा कारागीर घेऊन चालला आहेस," मी म्हटलं. "ने. तिला जायचं असेल तर मी अडवणार नाही. पण मागच्या वेळी मी तिला न विचारता हो म्हटलं. चावीबरोबर ड्रायव्हर देतात तसं. ते चुकलं. आज तिलाच विचार."

सगळ्यांनी भिकूकडे पाहिलं. एवढ्या माणसांत ती कधी बोललेली नाही. पदर सारखा केला आणि भावाला म्हणाली, "आखाजीना सण शे. माहेरले येसू. पुढनं मी सांगसू." बस, एवढंच.

शेठ निघाले. करमसिंगनं टप उघडा ठेवला होता. गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्यानं भोंगा वाजवला, तीनदा. तो कुणासाठी, ते सगळ्यांना कळलं.

२६ एप्रिल

ती गेली. पाया पडली तेव्हा मी पंडितची आरी तिच्यापुढे धरली. "तुझी आहे. घेऊन जा, नाहीतर ठेव." तिनं घेतली आणि आत गेली. मला वाटलं, गाठोड्यात ठेवायला गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली, मग बैलगाडी निघाली. धुरपदा वळणापर्यंत गेली होती, मी गेलो नाही. वळणापर्यंत मला दिसत नाही.

२९ एप्रिल, आखाजी

घरोघर लेकी आलेल्या, झोके बांधलेले. आमच्या लिंबाची फांदी यंदा मोकळी. रस झाला, सांजोऱ्या झाल्या. दोन माणसांना किती लागतात? धुरपदानं तिघांच्या केल्या होत्या.

आज तरी परतीचा निरोप येईल असं वाटत होतं. आला नाही. पिंपळनेरची ती जागा चांगली असेल. तिथं तिला कुणी आरी हातात देईल का, हा विचार डोक्यातून जाईना. दिलेली आरी तिनं नेली असेल, ती कुठंतरी आढ्यात खोचून ठेवील, आणि गंजून जाईल.

दुपारी करमत नव्हतं म्हणून कामाच्या खोलीत गेलो. आठवड्यापूर्वी एक टांगेवाला गादी शिवायला टाकून गेला होता, तिला मी हात लावलेला नव्हता. सहज चाचपली. एका बाजूला शिवण लागली. अकरा टाके, डावीकडे कललेले. निघायच्या सकाळी आत गेली ती यासाठी गेली होती तर. बोट शिवणीवरून पुढे नेलं. वीतभर शिवण झाली होती, मग थांबली.

तिथं, अर्ध्या कामात, पंडितची आरी टोचलेली होती. खोल, मुठीपर्यंत.

मी ती काढली नाही.